फुगलेले कपॅसिटर आणि वर्गणीच्या पावत्या

शुक्रवार, रात्री उशिरा

गणपती तोंडावर आलेत आणि मित्राचा कॉम्प्युटर ठप्प. गिरगावात चाळीतल्या खोलीतच त्याचं डीटीपीचं काम चालतं. वर्गणीच्या पावत्या, मंडळांचे अहवाल, मधूनच एखादी लग्नपत्रिका. कोणीतरी येऊन ‘मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या’ असं सांगून गेला, तेही कॅबिनेटचं झाकण न उघडता. अशा निदानाचा मला मनापासून राग येतो.

बरं, नवीन घ्यायला पैशांचीच अडचण आहे असं नाही. पण त्याचं सगळं बिऱ्हाड पेजमेकर 7.0 या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर. 2001 साली आलेली ती शेवटची आवृत्ती. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअरही तितकंच जुनं, आणि त्याचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्लीवजा डबी, लागतं मागच्या 25 पिनांच्या प्रिंटर पोर्टात. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. दुसरीकडे उघडल्या की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणजे हाच बोर्ड जगवायला हवा.

लक्षण असं: बटण दाबलं की पंखा फिरतो, दोन सेकंदांत थांबतो, पुन्हा आपोआप फिरतो. स्क्रीन काळा तो काळाच. आधी हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, कार्ड, सगळं काढून ठेवलं. रॅमचे संपर्क खोडरबराने घासले, दमट हवेत ते काळवंडतातच. काही फरक नाही. मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, सोडवला, तो बोर्डाशिवाय चालू व्हावा म्हणून 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला क्लिपने जोडली आणि मल्टिमीटर लावला. बारा, पाच, 3.3 व्होल्ट, सगळे पाच टक्क्यांच्या आत. तरी भार नसताना केलेल्या नुसत्या मोजणीवर जायचं नाही म्हणून घरून नेलेला एसएमपीएस लावून पाहिला. तेच रडगाणं. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा बटण सेल तीनऐवजी 2.4 व्होल्ट दाखवत होता. तो बदलावा लागेलच, पण सेलने एवढं होत नाही.

शेवटी रॅम पूर्ण काढून चालू केला. दोनदा पंखा अडखळला आणि मग आतल्या छोट्या स्पीकरमधून लांब बीप, बीप, बीप. मित्राचा चेहरा पडला, मला मात्र हुरूप आला. रॅम नाही अशी तक्रार करायला प्रोसेसर आणि बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम), दोघंही जिवंत असावे लागतात. मेलेला बोर्ड बोंब मारत नाही.

खरा धागा मिळाला तो चहा घेताना. सहज विचारलं, हे सुरू कधीपासून? तर म्हणाला, ‘अरे, दीड-दोन वर्षं असंच चाललंय. सकाळी बटण दाबतो, त्याला धडपडू देतो, मी आंघोळीला जातो. आलो की चालू झालेलं असतं. मे महिन्यात लगेच होतं, पावसात वेळ लागतो.’ हे आधी कुणाला सांगितलं होतं का, तर नाही. कुणी विचारलंच नव्हतं!

थंड असताना अडतं आणि तापलं की चालतं, म्हणजे संशय थेट कपॅसिटरवर, वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या डब्यांवर. आतला इलेक्ट्रोलाइट सुकत जातो तसा त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. टॉर्च धरून पाहिलं. प्रोसेसरच्या शेजारी एका रांगेत उभे, बहुतेकांचं डोकं सपाट. दोघांचं मात्र बोटाला कळेल इतकं फुगलेलं, आणि एकाच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आलेली. ही खाच मुद्दाम ठेवलेली असते; आत वायू साठला तर तिथूनच फाटावं म्हणून.

खात्री करायला वहिनींचा हेअर ड्रायर मागितला. ‘केसांचा आहे हो तो,’ असं म्हणत त्यांनी दिला. कॉम्प्युटरचा प्लग काढून त्या रांगेवर गरम हवा सोडली, रॅम परत बसवली आणि बटण दाबलं. पहिल्या झटक्यात डिस्प्ले. घड्याळ अर्थातच भलत्याच सालात.

शनिवार

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात मात्र लॅमिंग्टनच. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून आजच गाठला. दुकानदाराने आधी साधे 85 अंशांचे कपॅसिटर पुढे केले. मला 105 अंशांचे, कमी ईएसआरवालेच, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचेच, हवे होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं, हा ढोबळ हिशेब. प्रोसेसरच्या उबेत 85 वाले घालणं म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच. 6.3 व्होल्ट, 1500 मायक्रोफॅरड. अख्खी रांग बदलायची म्हणून दोन जास्तच घेतले. सगळे मिळून वडापाव-चहाच्या हिशेबातले पैसे.

रविवार

25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळेना. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर सगळी उष्णता ओढून घेतात. 60 वॅटचा आणला, तेव्हा कुठे कपॅसिटरचे पाय सुटले. भोकं मोकळी करायला स्टीलची सुई. काढण्याआधी फोटो काढून ठेवला होता, कारण ऋण पट्टी कुठल्या बाजूला येते याची छापील खूण सगळ्या बोर्डांवर सारखी नसते, आणि उलटा बसलेला कपॅसिटर फटाक्यासारखा वाजतो.

संध्याकाळी थंड मशीन पहिल्या दाबाला सुरू झालं. मित्राने तिथेच पावत्यांची फाइल उघडली. मी त्याला आधी हार्ड डिस्कची कॉपी करायला लावली, आणि इंटरनेटची वायर काढून टाकली. विंडोज एक्सपी आहे, 8 एप्रिल 2014 पासून त्याला सुरक्षेचे अपडेट बंद आहेत.

एक गोष्ट राहिलीच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच पोचलेली नाही; एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्रा 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर लटकत राहतो. प्रवाह अगदी कमी, पण हे बरं नव्हे. मित्र म्हणतो, चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, वायरिंगवर कोण खर्च करणार? हे मी किती वर्षं ऐकतोय. इलेक्ट्रिशियनला मीच फोन करणार आहे, आणि या वेळी आधी वहिनींना सांगून.