जाहिराती नाहीत, मग पगार कोण देतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. चवथीला घरी आलेली मंडळी विचारतात, ग्रामसभेत शेजारी बसलेले विचारतात: तुमच्या पोर्टलवर एकही जाहिरात दिसत नाही, मग पगार कोण देतं? विचारायलाच हवं. बातमी देणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे वाचकाला माहीत असलं पाहिजे.

आमची संस्था म्हणजे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदवलेली कंपनी. पगार देता येतो, पण वर्षाअखेरीस चार पैसे उरले तर ते लाभांश म्हणून कोणाला वाटता येत नाहीत, कामातच घालावे लागतात. पैसा येतो तो वाचकांच्या वर्गणीतून आणि भारतातल्या देणगीदारांकडून. परदेशी पैसा नाही. गोव्यात हे समजावणं जड जातं, कारण इथे जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला वाचक लंडनहून कळवतो, पैसे पाठवतो म्हणून. गावावरची त्याची माया खरी असते. पण कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक, आणि बातम्या देणाऱ्यांनी विदेशी योगदान घ्यायला २०१० च्या कायद्याने मनाई आहे. भारतीय पासपोर्टवर दुबईत राबणाऱ्या त्याच्या भावाची वर्गणी मात्र चालते. नकाराचं ते पत्र लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं.

या सगळ्यातून आम्हाला काय मिळतं? वेळ. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ चंच बघा. जमिनीचा झोन बदलायचा प्रस्ताव जाहीर होतो आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. जाहीर होतं ते एवढंच: गाव, सर्वे नंबर, पोटविभाग, चौरस मीटर, आधीचा झोन, मागितलेला झोन. त्या एका ओळीवरून तिथे कोण कसतं हे कळत नाही. म्हणून आम्ही एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढतो, मालक कोण, कूळ कोण ते बघतो आणि नकाशा घेऊन गाव गाठतो. पेडणे तालुक्यात अशीच एकदा गेले, तर उताऱ्यावर कूळ म्हणून ज्यांच्या वडिलांचं नाव होतं ते काका त्याच जमिनीत वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, करत होते. सूचना निघाल्याचं त्यांना आमच्याकडून कळलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला बसवून हरकतीचा अर्ज लिहून घेतला. बातमीच्या मथळ्यातच आम्ही गावाचं नाव आणि सर्वे नंबर घातला. पणजीत ती किती जणांनी वाचली यापेक्षा त्या गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ती फिरणं गरजेचं होतं.

दैनिकातल्या मित्रांना हे सुचत नाही असं मुळीच नाही. त्यांना दिवसाला तीन-चार बातम्या द्यायच्या असतात, एका सर्वे नंबरामागे दोन दिवस कुठून काढणार?

पगार थोडा आहे. देणगीदारांचं अनुदान वर्षाचं, म्हणून करारही वर्षाचा, आणि मार्च जवळ आला की घरात विषय निघतोच.

देणगीदार बातमीत हात घालतो का, हा तुमचा पुढचा प्रश्न. बातमी थांबव म्हणून मला आजवर कोणाचा फोन आलेला नाही. देणगीदारांची नावं आणि ताळेबंद आम्ही जाहीर करतो, बातमीत त्यांच्यापैकी कोणाचा संबंध आला तर तिथेच तसं लिहितो. मला धास्ती वाटते ती आमचीच. अनुदान विषय ठरवून येतं: पर्यावरण, आरोग्य, शिक्षण. हळूहळू त्या चौकटीत बसणाऱ्याच बातम्या आपल्याला दिसायला लागतात. पंचायतीच्या कचऱ्याच्या टेंडरसाठी अनुदान देणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही. म्हणून वाचकाचे शंभर रुपये मला मोलाचे वाटतात. त्यांच्यावर विषय लिहिलेला नसतो. खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशीचं दार मोडून बांधाआडच्या खाजन शेतीत खारं पाणी शिरलं आणि दुरुस्ती कोणी करायची यावरून कागद नुसते फिरत राहिले, ती बातमी कुठल्याच अनुदानात बसत नव्हती. ती तुमच्या वर्गणीवर झाली.