पाच पासपोर्ट आणि दोन लाखांची भिशी

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं सहलींचं छोटं ऑफिस आहे. परदेशाचं काउंटर मी सांभाळते. जानेवारीत एका दुपारी दोनच्या सुमाराला पाच बायका जिना चढून वर आल्या. पुढे आलेल्या मावशी साठी ओलांडलेल्या होत्या, बाकीच्या चाळिशीच्या आसपासच्या. दोघींच्या मनगटांवर तव्याची कड लागून पडलेले जुने डाग होते. दोन गल्ल्या पलीकडचं पोळीभाजी केंद्र त्यांचं. आमच्या ऑफिसातले निम्मे डबे तिथूनच येतात, पण डबा आणणारा मुलगा सोडला तर मी त्यांच्यातल्या कुणालाच कधी पाहिलं नव्हतं.

मावशींनी मोबाइल माझ्यासमोर धरला. जाहिरात होती : बँकॉक-पट्टाया, फक्त २४,९९९.

"मॅडम, आमची भिशी आहे. महिन्याला दोन हजार, वीस महिने. प्रत्येकीचे चाळीस झालेत. हे बसतंय त्यात. करून टाका. चार वाजता कणीक मळायला बसायचंय, तेवढ्यात होईल ना?"

पाच जणींचे मिळून दोन लाख. या धंद्यात दोन लाख ही एका जोडप्याच्या मध्यम सहलीची रक्कम. पण समोर बसलेल्यांचे ते वीस महिने होते आणि त्यातला एक रुपयाही चुकीच्या जागी जायला नको होता. मी फोन सायलेंटवर टाकला.

आधी ती जाहिरात वाचून दाखवली. आकड्याच्या डोक्यावर बारीक फुली होती आणि त्या फुलीखाली सगळं लपलेलं होतं. ते लँड पॅकेज होतं, म्हणजे विमान त्यात नाही. दर ट्विन शेअरिंगचा, एका खोलीत दोघी. पाच जणींमध्ये एक उरते, तिला एकटीची खोली घ्या नाहीतर जादा खाट टाका. नाश्ता आहे, जेवणं नाहीत. जीएसटी वेगळा. परदेशाच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करून सरकारला भरायचा कर, घेतला जातो तोही वेगळा. तो परत मिळतो, पण आयकर विवरणपत्र भरलं तर. पाचांपैकी कुणीही ते कधी भरलेलं नव्हतं. सोबत एक स्वस्त विमानाचं तिकीट दाखवलं होतं, त्यात फक्त सात किलोची हातातली बॅग. मी एकेक रक्कम खाली लिहीत गेले आणि बेरीज पन्नास हजारांच्या पुढे गेली.

अशा जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. ज्याच्याकडे भरपूर पैसे आहेत त्याला शेवटी दहा हजार वाढले तरी तो कुरकुरून भरतो. ज्याने मोजून आणलेत त्याची सहल अर्ध्यात अडकते, आणि तोवर आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

मग मी मला सर्वांत सुरक्षित वाटणारा पर्याय मांडला : नेपाळ. पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे. तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पुढे पंचवीस-तीस किलोमीटरवर लुंबिनी. मायादेवीचं मंदिर, सम्राट अशोकाचा स्तंभ. मग पोखरा, काठमांडू, पशुपतिनाथ. भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्टही लागत नाही, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आपल्या एका रुपयाला तिथले १ रुपया ६० पैसे, आणि हा दर १९९३पासून बांधलेला आहे, त्यामुळे विनिमयात फसगत नाही. "वीस-बावीस हजारांत होईल," मी म्हटलं, "उरलेले घरी परत न्याल."

चौघी एकमेकींकडे बघून हसल्या. मावशींनी विचारलं, "शिक्का मिळतो?"

"कसला?"

"पासपोर्टावरचा."

भारतीय माणूस नेपाळमध्ये शिरताना पासपोर्टावर शिक्का पडत नाही. मी तसं सांगितलं.

"मग नको," मावशी म्हणाल्या. जरा थांबून पुढे बोलल्या, "ताई, आमच्याकडे डबा खाऊन किती पोरं शिकली. निम्मी बाहेर गेली. जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या आया येतात. गूळपोळ्या द्या, चकल्या द्या, भाजणी द्या, टिकेल असं बांधून द्या. मी बांधून देते. माझ्या हातच्या पोळ्या जर्मनीला गेल्या, अमेरिकेला गेल्या, कुठे कुठे गेल्या. मला एकदा त्या काउंटरवर उभं राहायचंय, जिथे विचारतात की कुठे चाललात. आणि त्याने शिक्का मारायला पाहिजे."

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पहिल्यापासून मांडायला घेतलं.

पहिला प्रश्न पैशांचा घेतला नाही, सुट्टीचा घेतला. केंद्र कधी बंद ठेवता येतं? दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. पितृपक्षात श्राद्धाचा स्वयंपाक, तेव्हा तर श्वास घ्यायला वेळ नाही. परीक्षा संपून मुलं गावी गेली की मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत डबे घटतात. तेव्हा सात दिवस काढता येतील, आठवा नाही. मेअखेर शाळांच्या सुट्ट्यांमुळे विमानाचे दर चढलेले असतात, शाळा उघडायची वेळ आली की उतरतात. म्हणून जूनचा दुसरा आठवडा ठरला.

मग कागदपत्रं. पासपोर्ट एकीकडेही नव्हता. साधा छत्तीस पानी पासपोर्ट १५०० रुपयांचा, मावशींना ज्येष्ठ नागरिक म्हणून दहा टक्के कमी. शिक्षण विचारलं तर दहावी कुणीच पास नव्हतं. हे फार कमी लोकांना माहीत असतं : दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या आणि आयकर न भरणाऱ्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर प्रकारचा निघतो. नोकरीसाठी ठरावीक अठरा देशांत जायचं असेल तर त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते. त्या यादीत आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंडही आहेत. पर्यटक म्हणून जायला आडकाठी नाही. पण बायकांना कामाच्या आमिषाने नेऊन फसवण्याचे प्रकार होतात, म्हणून ईसीआर पासपोर्टवाल्या बायकांचा गट दिसला की विमानतळावरचा अधिकारी जास्त खोदून विचारतो. विचारावंच त्याने. तरीही ज्या काउंटरसाठी मावशींना जायचं होतं, तिथे पहिल्याच वेळी अर्धा तास उलटतपासणी व्हावी असं मला वाटेना. मावशींना वयामुळे ही अट लागत नव्हती, बाकी चौघींना लागत होती.

थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता आणि पुण्यातून बँकॉकला थेट विमानही होतं, तरी मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. दुबई जूनच्या उन्हात नकोच. भूतानचं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं, पण भारतीय पर्यटकाला माणशी रोज रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पाच जणी, पाच रात्री, म्हणजे नुसत्या शुल्काचे तीस हजार. शिवाय पुण्याहून जायला बागडोगरा गाठून पुढे रस्ता, आणि जूनमध्ये तिकडे पावसाने डोंगर दिसत नाहीत.

उरले दोन, व्हिएतनाम आणि श्रीलंका. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, खाणं-राहणं फारच स्वस्त, ईसीआरच्या यादीत तो देश नाही. चौघींना फोटो बघूनच तो आवडला. पण विमानाचं भाडं श्रीलंकेच्या जवळपास दीडपट येत होतं.

मी समजावून सांगत होते की जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही चार दिवस राहा की चौदा, तेवढाच राहतो. वाढतो तो रोजचा खर्च. मला वाक्य पुरं करू न देता मावशी म्हणाल्या, "म्हणजे विमान हे गाळ्याचं भाडं झालं आणि दिवस म्हणजे पीठ-तेल. शंभरच पोळ्या लाटायच्या असतील तर लक्ष्मी रोडवर गाळा कोण घेईल?"

इतकी वर्षं मी लोकांना हे समजावत आलेय. शिकलेल्या माणसांनाही ते पटकन गळी उतरत नाही. रोजचा खर्च ऐकून ते लांबचा देश निवडतात आणि चार रात्रींत परत येतात. ज्यांच्याकडे थोडे दिवस आहेत त्यांनी जवळचं बघावं, मग तिथला रोजचा खर्च थोडा जास्त असला तरी चालतो. भरपूर दिवस असतील तर लांबचा स्वस्त देश खरा स्वस्त ठरतो. मावशी रोज दर पोळीमागे पैशांचा हिशेब करतात, त्यांना ते एका वाक्यात कळलं.

श्रीलंकेचं ठरत आलं तेव्हा मी पावसाची अडचण सांगितली. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. कोलंबो, कँडी आणि मधला डोंगराळ भाग भिजलेला असतो, कोरडा असतो तो पूर्व किनारा, त्रिंकोमालीकडचा. म्हणूनच मधल्या भागातली गेस्टहाउसं तेव्हा स्वस्त पडतात. नुवारा एलियाला तर थंडी असेल, उंची जवळजवळ १९०० मीटर आहे, चहाचे मळे आहेत आणि धुकं. बहुतेक गिऱ्हाइकं इथे नाक मुरडतात. ज्या बाई इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या त्या म्हणाल्या, "थंडी? जूनमध्ये? मला तेच पाहिजे. मी बारा वर्षं गॅससमोर उभी आहे." नुवारा एलियाजवळ सीता एलियाला सीतेचं मंदिर आहे, हे ऐकल्यावर चर्चाच संपली.

मग आकडे. मुंबई ते कोलंबो विमान अडीच तासांचं. चेन्नईहून तिकीट स्वस्त होतं आणि पुणे-चेन्नई रेल्वेनेही भाडं वाचत होतं, पण जाताना एक आणि येताना एक दिवस गाडीत जाणार होता. केंद्र बंद असलेल्या दिवसाचा तोटा त्यांनी बोटांवर मोजला, वाचणाऱ्या पैशांपेक्षा तो जास्त निघाला. हातावर पोट असलेल्या माणसाच्या सहलीत सुट्टीचीही किंमत धरावी लागते, हा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. मुंबई ठरली, विमानतळापर्यंत बस.

खोल्यांना अडचणीचा ठरणारा पाचाचा आकडा गाडीला फार सोयीचा निघाला. चालकासह एक व्हॅन पाच जणींत वाटली की माणशी भाडं खाली येतं, आणि घरगुती गेस्टहाउसांत तीन खाटांची खोली सहज मिळते, म्हणजे एक तिघींची आणि एक दोघींची. सीगिरिया या खडकावरच्या प्राचीन किल्ल्याचं तिकीट परदेशी माणसाला डॉलरमध्ये आहे. सार्क देशांच्या लोकांना सवलत मिळूनही ते या अंदाजपत्रकाला जड होतं, शिवाय त्या खडकाच्या पायऱ्या मावशींच्या गुडघ्यांना झेपल्या नसत्या. ते काढलं. एकीने यादीतून प्रवास विमा वगळायला सांगितलं तेव्हा मात्र मी ठाम नाही म्हटलं. परदेशात एकीचा पाय मुरगळला तर वीस महिन्यांची भिशी एका दवाखान्यात जाईल. विम्याचे थोडे पैसे सगळ्यांत आधी बाजूला ठेवायचे, मग बाकीचं.

पासपोर्ट, ईटीए (श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेश-परवानगी), विमा, बस, विमान, राहणं, व्हॅन, जेवणं, तिकिटं धरून माणशी अडतीस हजारांच्या आसपास आलं. उरलेले दोन हजार खर्चायचे नाहीत, अडीअडचणीला ठेवायचे, असं मी लिहून खाली रेघ मारली. पावणेचार झाले होते. आगाऊ रक्कम घेतली नाही. पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही असं बजावलं.

पुढे मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात एकीचं अडलं. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. आधार दुरुस्त करून पुन्हा अपॉइंटमेंट घेण्यात महिना गेला. तोवर बाकी चौघी थांबल्या, तिला सोडून तिकिटं काढायची नाहीत म्हणाल्या. त्यामुळे भाडं माणशी सातशे-आठशे रुपयांनी वाढलं, आणि ते राखीव दोन हजारांतून गेलं.

निघायच्या आठवड्यात मावशी पुन्हा येऊन गेल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणीचं तिखट, सगळं बांधायची तयारी होती. मी एवढंच सांगितलं की सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका, तेलामुळे पेट घेतात म्हणून विमानात मनाई आहे. "बघा," त्या सोबतच्या बाईला म्हणाल्या, "आणि आपण त्या पोरांना आख्ख्या वाट्या बांधून देत होतो."

परत आल्यावर पाचही पासपोर्ट घेऊन सगळ्या जणी वर आल्या. कोलंबोचा शिक्का आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा, दोन्ही मला दाखवले. मुंबईला अधिकाऱ्याने कुठे चाललात विचारलं तेव्हा मावशींनी सांगितलं, "फिरायला." त्याने परतीचं तिकीट आणि राहण्याची बुकिंगं बघितली, आणि पुढचं काही विचारलं नाही.

आता त्यांची नवी भिशी सुरू आहे, महिन्याला अडीच हजारांची. या वेळी केंद्रात दोन मदतनीस बायका ठेवल्यात, त्यामुळे बारा दिवस निघतील म्हणतात. मावशींनी हिशेब स्वतःच मांडून आणला होता : बारा दिवस असतील तर गाळ्याचं भाडं परवडतं, म्हणून व्हिएतनाम. तिथल्या दा नांग शहरात पाऊस कधी असतो तेवढं त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, तुमच्या जूनला ते कोरडंच असतं.