ईस्टरचा आठवडा

सोमवार

काल ईस्टर झाला. आज इंदुरातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, नेम सुटला असणार. ज्यांनी मटण सोडलं होतं त्यांच्या घरी काल दुपारीच रस्सा झाला, आणि ज्यांनी रोज शास्त्रपाठ ठरवला होता त्यांचं पवित्र शास्त्र आज परत कपाटात गेलं. लेंट संपला की नेम संपला, इतका सरळ हिशेब. चूक इथेच होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज करायची एकच साधी गोष्ट निवडायला सांगितली होती. ती न आठवता आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात, याचा मधला आकडा आला ६६. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. '२१ दिवसांत सवय' हे सकाळच्या फॉरवर्डमधलं वाक्य तिथल्या तिथेच राहू द्यावं.

आता कॅलेंडर समोर घ्या. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून रविवार धरून मोजलं तर ईस्टर ४७ वा दिवस. ६६ वा दिवस येतो ईस्टरनंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी. म्हणजे रोप नुकतं मूळ धरायला लागतं आणि आपण मोठ्या आनंदात ते उपटून टाकतो. लेंटमध्ये जे सुरू केलं त्याची मुदत पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंत, धरावी. तो ९६ वा दिवस. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांगात ही सोय आधीपासून आहे, आपण ती अर्ध्यावर वापरतो एवढंच.

जे सोडलं होतं त्याची गोष्ट वेगळी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १२ व्या अध्यायात अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येतो तर घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं असतं. मग तो आपल्याहून वाईट अशा आणखी सात जणांना घेऊन येतो. रात्रीचा मोबाइल चाळीस दिवस बंद होता आणि त्या वेळात दुसरं काही आलंच नाही, तर आजपासून तो दीड तासाचा अडीच तास होणार. चार्जर हॉलमध्ये आणि उशाशी पुस्तक, एवढी अदलाबदल तरी हवी.

दारूबद्दल मात्र वेगळंच सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर. प्रार्थना सोबत चालू असावीच, पण डॉक्टरऐवजी नव्हे.

मंगळवार

किती छोटं म्हणजे छोटं?

येशूला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना तासभरही जागं राहता आलं नाही. त्याच रात्री, काही वेळापूर्वी, त्यांच्यातल्याच पेत्राने प्रभूसाठी मरायची तयारी दाखवली होती. ते बोलणं खोटं नव्हतं. आत्मा उत्सुक होता, देह थकलेला होता. तरी आपण नव्या वर्षाच्या उपासनेतून उठून पहाटे पाचला तासभर प्रार्थना ठरवतो, आणि तीही रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू खाणाऱ्या शहरात!

वर्षात अख्खं पवित्र शास्त्र वाचायच्या बेताचंही तेच. अध्याय ११८९, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात निघून जातात. निर्गमाच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, आणि २८ जानेवारीच्या सुमारास वाचणारा नियमांनी भरलेल्या लेवीयात शिरतो. तिथेच बहुतेकांची पुस्तकखूण वर्षभर अडकून पडते. दोष लेवीयाचा नाही. सव्वातीन अध्याय म्हणजे साधारण पंधरा मिनिटं, आणि अवघड मजकुराची पंधरा मिनिटं रोज निघत नाहीत.

माप ठरवायची कसोटी एकच: घरात आजारी माणूस आहे, ऑफिसला उशीर झालाय, डोकं ठणकतंय, अशा दिवशीही होईल तेवढंच. स्तोत्र ११९ चे आठ-आठ वचनांचे २२ खंड आहेत. रोज एक खंड, मोठ्याने वाचला तरी मिनिट-दीड मिनिट. तीन आठवडे आणि एक दिवस. नंतर मार्ककृत शुभवर्तमान, रोज एकच परिच्छेद. प्रार्थनेला प्रभूने शिकवलेली प्रार्थना आणि एका माणसाचं नाव. पाच माणसांची यादी नको, एकच नाव. यादी लांबली की ती हजेरी घेतल्यासारखी होते.

गुरुवार

वेळ ठरवू नये, प्रसंग ठरवावा. 'सकाळी सहा' हे अलार्मला कळतं, अंगाला कळत नाही. 'चहाचं आधण ठेवलं की' हे अंगाला कळतं. दानीएल यरुशलेमेकडच्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. जागा ठरलेली, दिशा ठरलेली. तेवढं ठरलेलं असल्यावर देवाची प्रार्थना करायला राजाचा मनाई हुकूम निघाला त्या दिवशी त्याला नवा निर्णय घ्यावा लागला नाही. तो नेहमीप्रमाणे वर गेला.

आपल्याकडे चहा गाळेपर्यंत पाच-सहा मिनिटं सहज मिळतात. पण पुस्तक आतल्या खोलीतल्या कपाटात, चष्मा टीव्हीजवळ आणि कालची जागा आठवत नाही, असं असेल तर चहा उतू जातो आणि वाचन राहतं. म्हणून रात्री झोपण्याआधी पवित्र शास्त्र जेवणाच्या टेबलावर, त्या पानावर उघडं, वर चष्मा. ओट्याजवळ नको, तेलाचे डाग पडतात. मोबाइलवर वाचायचं तर आधी इंटरनेट बंद. नाहीतर तिसऱ्या वचनाला फॅमिली ग्रुप उघडतो.

भाषेचाही गुंता आहे. इथे अनेक घरांत बोलणं मराठी, मंडळीत उपासना हिंदी आणि मुलांची शाळा इंग्रजी. तीन प्रती तीन भाषांत असल्या की पाठ एकही होत नाही. घरच्या नेमासाठी एक भाषा, एक प्रत. मुलं देवनागरी अडखळत वाचतात तर त्यांना आठऐवजी तीनच वचनं द्या.

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा घराघरातला माणूस डबे घेऊन बाहेर पडतो. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं आणि पुढे सलग येत राहिलं, ते काही शपथा घेऊन नाही. ओल्या-सुक्याचे डबे ओट्याखाली आले, गाडी दारात यायला लागली, कचरा वेगळा देणं हाताला लागलं. आत्मिक बाबतीत मात्र आपल्याला डब्याची लाज वाटते, फक्त शपथ हवी असते.

शनिवार

नेम मोडतो तो चुकलेल्या दिवसामुळे नाही, थकबाकीमुळे. बुधवारी राहिलं, गुरुवारी दोन खंड डोक्यावर, तेही राहिले, शुक्रवारीही जमलं नाही, शनिवारी चार. मग पुस्तकाकडे बघणंच नको वाटतं. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, माणशी एक ओमर, साधारण दोन लिटर, रोजचा रोज गोळा करायचा होता. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले, घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट मुभा. प्रार्थनेतही आपण 'रोजची भाकर' मागतो, तीही आजची. चुकलेला खंड चुकला; आज आजचा वाचायचा. लॅलींच्या अभ्यासातही एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

नोंद ठेवावी का? ठेवावी, पण थोडी. १६ व्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियसने एका वेळी एकच दोष धरून, दुपारी आणि रात्री, ओळीवर टिंबं द्यायला सांगितलं होतं. मग आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून बघायची. यातलं 'एकच' महत्त्वाचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीची बारीक खूण पुरते. अॅपमधली सलग दिवसांची साखळी नको: तुटली की माणूस अॅपच काढून टाकतो, न तुटली तर स्टेटसला लावतो. आठवड्यातून दोनदा उपवास केल्याचं मंदिरात मोजून दाखवणारा येशूच्या दाखल्यातला परूशी आपल्याला ठाऊक आहेच. देवाची कृपा या खुणांनी वाढत नाही आणि कोऱ्या चौकोनाने कमीही होत नाही. खूण आपल्यासाठी, काय अडतंय ते कळायला: सोमवारी सारखं राहत असेल तर रविवारी रात्री घर किती वाजता झोपतं ते बघा.

रविवार

वाढवायचं कधी? न आठवता व्हायला लागलं की, आणि एका वेळी एकच. वाचन वाढवलं तर प्रार्थना आहे तेवढीच ठेवायची. ठरवलेलं किमान माप मात्र कधीच वाढवायचं नाही. जास्त झालं तर आनंद, किमान तेच.

पुढची खरी अडचण मे महिन्याची. शाळांना सुट्टी, लग्नसराई, पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे मुक्काम. मामींच्या घरी चहा कधी होईल ते आपल्या हातात नसतं, टेबल आपलं नसतं, आणि चहाला जोडलेला नेम तिथे सुटतो. प्रवासापुरता तो दात घासण्याला जोडावा. त्यासाठी स्तोत्र ११७ आत्ताच पाठ करून ठेवलेलं बरं: सगळ्या स्तोत्रांत लहान, दोनच वचनांचं, गाडीच्या वरच्या बर्थवर दिवा मालवल्यावरही म्हणता येतं.