खळग्याबाहेरचं पीठ

आमच्या घरी आप्पेपात्राचा एक कायदा होता. बिडाचं, सात खळग्यांचं ते पात्र चुलीवरून गॅसवर आलं, पण कायदा बदलला नाही. खळगा पाऊणच भरायचा. पळी त्यापुढे जरा तिरकी झाली की आई ओट्याच्या पलीकडून ओरडायची, "अगं, सांडेल!" सांडलेलं बिडाला धरायचं, जळायचं, आणि मग ते खरवडायला मीच. त्यामुळे ओसाकात एका तरण्या पोराने भररस्त्यात अख्ख्या तव्यावर पीठ ओतून सगळे खळगे बुडवून टाकले, तेव्हा माझ्या तोंडून चक्क मराठीत निघालं, "अरे, सांडलं!"

पोराने वरही पाहिलं नाही. त्याचं काम चालू होतं.

लेक नोकरीसाठी तिथे राहते, मी तीन आठवडे तिच्याकडे होते. ती सकाळी बाहेर पडली की मी मोकळी, आणि घरापासून चार पावलांवर तेन्जिनबाशिसुजी. जपानमधली सगळ्यात लांब बाजारपेठ म्हणतात ती हीच, २.६ किलोमीटर, बहुतेक सगळी छपराखाली. औषधांचं दुकान, त्याला लागून पायमोजे, पुढे कोंड्यात मुरवलेल्या मुळ्याचं लोणचं, त्यापुढे चहा भाजल्याचा खमंग वास. मधूनच एखाद्या आजीबाई सायकलवरून, पुढच्या टोपलीत पातीचा कांदा. टोकियोची माणसं वस्तू केवढ्याला घेतली ते सांगतात आणि ओसाकाची केवढ्या स्वस्तात मिळाली ते, असं लेकीच्या ऑफिसात म्हणतात. मला तिथे परकं वाटलं नाही, ते कदाचित यामुळेच.

खाण्याबाबत लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आई, चालता चालता खायचं नाही. गाडीसमोर उभं राहून खायचं आणि रिकामी डिश त्यांच्याकडेच द्यायची." पुण्यात वडापावचा कागद हातात घेऊन कचरापेटी शोधायची सवय आहे, पण इथे पेटी शोधणं म्हणजे दिवसभराचा उद्योग. १९९५ साली टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर रस्त्यांवरच्या बऱ्याच पेट्या उचलल्या गेल्या. माझ्या पर्समध्ये संध्याकाळपर्यंत चार कागद आणि एक काडी जमायची.

एका रविवारी लेक मला शिन्सेकाईत घेऊन गेली. त्सूतेन्काकू नावाचा मनोरा आहे तो भाग. पहिला मनोरा १९१२ चा, आताचा १९५६ चा. जरासा जुनाट, भडक, जत्रेच्या दुसऱ्या दिवशीसारखा. इथली कुशिकात्सु म्हणजे काडीला टोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं काहीही: मांस, कोळंबी, कांदा, कमळकाकडी. सॉसचं भांडं सगळ्यांना मिळून एकच असायचं आणि भिंतीवर पाटी, एकदाच बुडवा. चावलेला तुकडा पुन्हा बुडवायचा नाही. लेक मला हे इतकं समजावून सांगायला लागली की मला हसू आलं. अगं, उष्टं! जगात आणखी कुणाला उष्टं कळतं याचाच मला केवढा आनंद झाला. सॉस कमी पडला तर कच्च्या कोबीच्या पानाने घ्यायचा, पान तोंडाला लागलेलं नसतं ना. आता करोनानंतर पुष्कळ ठिकाणी सॉसच्या बाटल्या आल्या आहेत. आमच्या टेबलावरही बाटलीच होती. पाटी मात्र अजून भिंतीवर होती.

पण माझा जीव अडकला तो ताकोयाकीत. ताको म्हणजे ऑक्टोपस, याकी म्हणजे भाजलेलं. मी कोकणातली, मासळीची ओळख जन्माची, तेव्हा ऑक्टोपसची भीती नव्हती. माझं लक्ष तव्याकडे होतं. खळगे अर्धगोल, एकमेकांना खेटून, ओळीच्या ओळी. गव्हाचं पीठ, अंडं आणि दाशी, म्हणजे कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचा आणि वाळवलेल्या माशाचा अर्क. कोंबू उगवतो उत्तरेला होक्काइदोत, पण जुन्या काळी तिथून निघालेली गलबतं तो ओसाकात आणून उतरवत, म्हणून इथल्या जिभेला तो लागलेला. पीठ इतकं पातळ की घावनाचं पीठ त्यापुढे दाट म्हणावं.

तर तो पोरगा पीठ ओतायचा, ऑक्टोपसचे तुकडे, कांद्याची पात, लाल आलं, तळणाचा चुरा भिरकावायचा आणि थांबायचा. कडा धरू लागल्या की हातात टोच्या. आधी खळग्यांमधून उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, शंकरपाळे कापतात तशा. मग प्रत्येक चौकोनाचं बाहेर पसरलेलं पीठ आत सारत आप्पा पाव वळसा फिरवायचा. आतलं कच्चं पीठ खाली ओघळतं, तिथे नवी कड धरते, पुन्हा सारायचं, पुन्हा फिरवायचं. अर्धगोल खळग्यातून अख्खा गोल निघतो तो असा. आमचे आप्पे उलटले तरी कमरेत जरा चपटे राहतात. का, ते मला पन्नाशी उलटल्यावर ओसाकात कळलं. आत घ्यायला बाहेर पीठच नसतं.

मी फोनमध्ये शोधून आमच्या पात्राचा फोटो त्याला दाखवला. त्याने बोटाने खळगे मोजले. "नाना?" म्हणजे सात. मग माझ्याकडे बघितलं, "सातच?" त्याच्यापुढच्या तव्यात शंभरावर असतील. मी फोटोच्या बाजूला हाताने खूण करून विणकामाची सुई दाखवली, आम्ही आप्पे तिने उलटतो म्हणून. ती मात्र त्याला लगेच कळली. त्याने टोच्या वर करून दाखवला.

आठ नग, लाकडाच्या पातळ होडीत. वर सॉस, हिरवी शेवाळी पूड आणि वाळक्या माशाच्या कागदासारख्या चकत्या, ज्या वाफेने नुसत्या नाचत असतात. पहिला तोंडात टाकला आणि टाळू गेली. ते लोक अशा वेळी हाफू हाफू करत तोंड उघडं ठेवतात, मीही केलं. आत सगळं लिबलिबीत. "कच्चं राहिलंय गं." लेक म्हणाली, "आई, ते तसंच असतं." आठव्यापर्यंत माझंही मत बदललं होतं.

या पदार्थाचा जन्म १९३५ चा. ओसाकातल्या आइझुया दुकानाचे तोमेकिची एन्दो तोवर मांस आणि कोन्याकू, म्हणजे एका कंदाची लिबलिबीत वडी, घालून गोळे विकायचे, नाव रेडिओयाकी, कारण रेडिओ तेव्हा नवलाईचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, आकाशी गावात यात ऑक्टोपस घालतात. झालं. सुरुवातीला वर सॉसही नव्हता, तो महायुद्धानंतर आला.

शेवटच्या आठवड्यात मी ओसाकातल्याच नाम्बा भागाजवळच्या दोगुयासुजीत गेले. हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची गल्ली ती: सुऱ्या, कागदी कंदील, काचेआड ठेवायचे मेणाप्लॅस्टिकचे खोटे पदार्थ, आणि ताकोयाकीचे तवे. एक बिडाचा तवा उचलून पाहिला आणि विमानाच्या वजनाचा विचार करून ठेवून दिला. टोच्या तेवढा घेतला.

परतल्यावर रत्नागिरीला आईकडे गेले. आप्पेपात्र काढलं, तापवलं, अर्ध्या कांद्याने तेल फिरवलं आणि सातही खळगे बुडवून वर पीठ ओतलं. आई खुर्चीतून म्हणाली, "अगं, सांडलंस की!"

"मुद्दाम सांडलंय," मी म्हटलं आणि टोच्या घेतला.

तांदूळ-उडदाचं पीठ दुमडत नाही, मोडतं. सहांचा चुरा झाला, तो आम्ही खोबऱ्याच्या चटणीबरोबर खाल्ला. सातवा मात्र गोल उतरला. तो मी आईच्या हातावर ठेवला. तिने फोडून आत बघितलं.

"कच्चा आहे गं," ती म्हणाली.