बॅकस्पेस मारला तरी कचरा उरतो? एसटीटीवाय बघा

निपाणी-खानापूरकडं एकाच कॉम्प्युटरवर मराठीही टाइप होतं, कन्नडही. लिनक्स टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, एक खोड तिथं हमखास दिसते: ‘बेळगाव’ लिहिताना चुकलं, बॅकस्पेस मारला, स्क्रीनवर ठीक, फाइलमध्ये मात्र कचरा. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरी काय नि कन्नड काय, प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. इनपुट यूटीएफ-८ आहे असं टर्मिनलला सांगणारी आययूटीएफ८ (iutf8) ही सेटिंग बंद असली तर एका बॅकस्पेसला एकच बाइट पुसला जातो.

एसटीटीवाय (stty) ही टर्मिनलच्या सेटिंग्ज दाखवणारी नि बदलणारी कमांड. ‘एसटीटीवाय -ए’ (stty -a) चालवा. नावाआधी उणे चिन्ह असेल तर ती सेटिंग बंद. ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ म्हटलं की चालू. तपासणी टाइप केलेलं तसंच परत दाखवणाऱ्या ‘कॅट’ (cat) कमांडमध्ये करा, बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टवर रीडलाइन ही त्याची ओळ-संपादनाची सोय स्वतःच सांभाळून घेते, दोष दिसतच नाही. एवढं करूनही ‘गा’ पुसायला दोन बॅकस्पेस लागतील. ग वेगळा, काना वेगळा. तो बिघाड नव्हे.

बॅकस्पेसनं टोपीवाला एच (^H) उमटत असेल तर ‘एसटीटीवाय इरेज’ (stty erase), स्पेस, कंट्रोल-व्ही, मग बॅकस्पेस आणि एंटर.

कंट्रोल-एसनं स्क्रीन गोठली? कंट्रोल-क्यू.

एखादा प्रोग्राम मध्येच मेला आणि टाइप केलेलं दिसेना, एंटरही चालेना, तर खिडकी बंद करायची घाई नको. कंट्रोल-जे, ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane), पुन्हा कंट्रोल-जे. न दिसता टाइप करावं लागतं, पण चालतं.

सेटिंग त्या टर्मिनलपुरतीच टिकते. कायमची हवी तर बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी (.bashrc) फाइलीत घाला, पण शेल इंटरॅक्टिव्ह आहे का, म्हणजे समोर माणूस टाइप करतोय का, ही अट लावूनच. नाहीतर टर्मिनल नसलेल्या ठिकाणी ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल’ (Inappropriate ioctl) या चुकीच्या संदेशाची ओरड सुरू होते.