जर्सी सिटीतली मोफत प्री-के कोणामुळे मिळाली

न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत मराठी घरात मूल अडीच वर्षांचं व्हायला आलं की एकच विषय सुरू होतो, प्री-केचा फॉर्म भरला का, सेंटर कुठलं मिळालं, चालत जाता येईल का. कारण इथे तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची अशी दोन वर्षं पूर्ण दिवसाची बालवाडी आहे आणि फी काहीच नाही, पगार किती ते विचारत नाहीत, व्हिसा कुठला तेही नाही, गावात राहता एवढं दाखवलं की झालं. जिथे ही सोय नाही तिथे खाजगी डेकेअरला महिन्याला दीड-दोन हजार डॉलर सहज जातात, त्यामुळे ज्या घरात नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, एकाच पगारावर भाडं आणि सगळं, त्या घराला हा किती मोठा आधार आहे ते तुम्हीच बघा. माझी मुलगी दोन्ही वर्षं इथल्याच प्री-केत होती.

पण ही सोय आली कुठून हे आपल्यात फार कमी जणांना माहीत असतं. "अमेरिकेत शिक्षण फुकट" एवढं म्हणून विषय संपतो. खरं म्हणजे हा पैसा गरीब मुलांसाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला आहे आणि त्याचा फायदा आज आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या मुलांनाही होतोय, म्हणून मला हे नीट सांगायचंय.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, गाव कितीही लहान असो, दुष्काळी असो, तिचा पगार सरकारच्या तिजोरीतून यायचा. गावातल्या घरपट्टीवर शाळा चालते हे तिला सांगितलं तर तिला खरंच वाटत नाही, पण इथे तसंच आहे. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका गावाच्या किंवा शहराच्या शाळांचा कारभार, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग तिथल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. म्हणजे जिथे घरं महाग तिथे टॅक्सचा दर कमी ठेवूनही शाळेला भरपूर पैसा, आणि जिथे कारखाने बंद पडलेत, घरं पडीक आहेत तिथे लोकांनी जास्त दराने टॅक्स भरूनही शाळेत पुस्तकं जुनी, छत गळतंय. ज्या मुलांना जास्त मदत पाहिजे त्यांच्याच शाळेत पैसा कमी, आणि हे कायद्यानेच असं चालू होतं.

न्यू जर्सीत याविरुद्ध पहिली मोठी केस १९७० मध्ये झाली ती इथल्याच, जर्सी सिटीच्या केनेथ रॉबिन्सन नावाच्या शाळकरी मुलाच्या नावाने. राज्याच्या घटनेत १८७५ पासून लिहिलेलं आहे की ५ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांसाठी चांगल्या आणि मोफत शाळांची व्यवस्था राज्याने करायची, मग ती जबाबदारी गावाच्या घरपट्टीवर कशी ढकलता असा मुद्दा होता. १९७३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी देशाच्या सुप्रीम कोर्टाने टेक्ससच्या सॅन अँटोनिओमधल्या पालकांच्या केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उलटा निकाल दिला होता, की शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. म्हणजे वरचा दरवाजा बंद झाला, आता जे काय भांडायचं ते आपापल्या राज्यात.

तरी इथलं विधिमंडळ पैसे कुठून आणायचे यावरून अडून बसलं. शेवटी १ जुलै १९७६ ला कोर्टाने सरळ सांगितलं की पैशाची सोय होईपर्यंत राज्यातल्या सरकारी शाळांवर खर्चच करायचा नाही, आणि शाळा बंद! सुट्ट्यांचे दिवस होते म्हणून समर स्कूलवरच निभावलं, पण आठवडाभरात कायदा झाला आणि न्यू जर्सीत पहिल्यांदा इन्कम टॅक्स आला. आपल्या पे-स्लिपवर फेडरलच्या खाली जो एनजे स्टेट टॅक्स कापलेला दिसतो ना, तो शाळांच्या या भांडणातून आलाय. मला हे कळलं तेव्हा त्या रकमेकडे बघायची नजरच बदलली.

पण टॅक्स आला म्हणून गरीब डिस्ट्रिक्टची परिस्थिती काही सुधारली नाही, मग १९८१ मध्ये दुसरी केस, ॲबट विरुद्ध बर्क. कॅमडेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी इथल्या २० मुलांच्या वतीने. यादीत पहिलं नाव कॅमडेनच्या रेमंड ॲबटचं म्हणून ते नाव, आणि बर्क म्हणजे राज्याचे तेव्हाचे शिक्षण आयुक्त. ही केस चालवली मॅरिलिन मोरह्यूजर या वकीलबाईंनी, आधी त्या नन होत्या, नंतर कायदा शिकल्या. १९९० मध्ये कोर्टाने सांगितलं की २८ गरीब शहरी डिस्ट्रिक्टमध्ये मुलामागे तेवढाच खर्च झाला पाहिजे जेवढा श्रीमंत उपनगरात होतो, आणि गरिबीमुळे लागणारी जादा मदत वेगळी. पुढे हा आकडा ३१ झाला. नेवार्क, पॅटर्सन, ट्रेंटन, एलिझाबेथ, पर्थ अंबॉय, न्यू ब्रन्सविक, आपली जर्सी सिटी, सगळी त्यात आली. जी मुलं केसच्या सुरुवातीला शाळेत होती ती निकाल येईपर्यंत मोठी झाली होती, त्यांना स्वतःला त्यातलं फारसं काही मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मग १९९८. त्या वर्षीच्या निकालात कोर्टाने सांगितलं की या डिस्ट्रिक्टमधल्या तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला चांगल्या दर्जाची प्रीस्कूल मिळाली पाहिजे. प्रत्येक मुलाला, फक्त गरीब मुलाला नाही. एका वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, एक पदवीधर आणि सर्टिफिकेट असलेली टीचर, जोडीला एक असिस्टंट. खाजगी बालवाड्यांनाही यात घेतलं पण तिथल्या टीचरनीही शिकून तेच सर्टिफिकेट मिळवायचं अशी अट घातली, आणि नोकरी करणाऱ्या, स्वतःची मुलं असलेल्या कितीतरी बायका तेव्हा पुन्हा कॉलेजात गेल्या. रटगर्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी या मुलांचा पुढे बरीच वर्षं मागोवा घेतला, त्यात दिसलं की दोन वर्षं प्री-के केलेली मुलं अभ्यासात पुढे राहतात आणि त्याच इयत्तेत मागे राहण्याचं प्रमाणही कमी होतं. माझ्या मुलीच्या वर्गात स्पॅनिश, अरबी, टागालोग, गुजराती बोलणारी मुलं होती आणि कोणाच्या घरी किती पैसे हे त्या वर्गात बसून तुम्हाला ओळखताच आलं नसतं.

२००८ पासून पैसे वाटायचा नवीन फॉर्म्युला आहे. प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली रक्कम, मूल कमी उत्पन्नाच्या घरातलं असेल तर त्यावर ४७ ते ५७ टक्के जादा, इंग्रजी शिकत असेल तर ५० टक्के जादा. ऐकायला किती साधं, पण मूल जेवढं अडचणीत तेवढा त्याच्यामागे पैसा जास्त, हे कागदावर आणायला जवळपास चाळीस वर्षं गेली. आणि कागदावर आल्यावरसुद्धा राखावं लागतं बरं का, बजेट तंग झालं की पहिली कात्री इथेच लागते, २०११ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की कापलेले ५० कोटी डॉलर या डिस्ट्रिक्टना परत द्या.

गरीब मुलांच्या शाळांसाठी येणारा केंद्राचा पैसा वेगळा, त्याला टायटल वन म्हणतात. १९६५ चा कायदा, प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांनी सही केली ती टेक्ससमधल्या स्वतःच्या लहानपणीच्या शाळेजवळ, लहानपणच्या शिक्षिकेला शेजारी बसवून. तरुणपणी ते कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवायचे, ती उपाशी येणारी मुलं ते विसरले नाहीत. आता देशभरात वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर यातून जातात, तरी शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी हा पैसा भलतीकडेच वापरला गेला, १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लूर यांनी रिपोर्ट लिहून ते उघडं केलं, आणि मग नियम कडक झाले की राज्याने-गावाने द्यायचं ते द्यायचंच, हा पैसा त्याच्यावर. शाळेला दरवर्षी पालकांची टायटल वन मीटिंग घ्यावीच लागते. तो कागद दप्तरातून घरी येतो, कृपा करून फेकू नका, जा त्या मीटिंगला, पैसा कशावर खर्च होतोय ते विचारायचा हक्क आहे तुम्हाला. मी जाते तेव्हा आपले लोक फार कमी दिसतात.

आता सध्याचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत जर्सी सिटीत नदीकाठी काचेचे टॉवर उभे राहिले, न्यूपोर्ट, एक्स्चेंज प्लेस, जिथे आपणच राहतो. त्यामुळे फॉर्म्युल्याच्या हिशोबात शहर श्रीमंत झालं आणि २०१८ च्या कायद्याने राज्याची मदत वर्षावर्षाने कमी होत गेली. पण यातल्या बऱ्याच टॉवरना टॅक्समध्ये सूट दिलेली, ते नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी जी ठरलेली रक्कम देतात त्यातली ९५ टक्के सिटीकडे आणि ५ टक्के काउंटीकडे जाते, शाळांच्या वाट्याला थेट काहीच नाही. म्हणजे कागदावर शहर श्रीमंत आणि ग्रीनव्हिल किंवा बर्गन-लाफिएटसारख्या गरीब वस्तीतल्या मुलाच्या घरी मात्र काहीच बदललेलं नाही, उलट भाडं वाढलंय. सिटीने कंपन्यांवर १ टक्का पेरोल टॅक्स, म्हणजे त्या देतात त्या पगारांवरचा टॅक्स, लावून शाळांना पैसे द्यायला सुरुवात केली ते चांगलं केलं, तरी खड्डा राहिलाच आणि २०२२ मध्ये घरमालकांचा शाळेचा टॅक्स एकदम वाढला.

तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर बजेटला तेच, एवढा टॅक्स कशाला, शाळांचा खर्च कमी करा. चीड मला समजते, आमचंही बिल वाढलंय. पण यातल्या कितीतरी जणांची मुलं प्री-केची दोन्ही वर्षं करून मोकळी झालीयत, आणि आता किंडरगार्टनच्या वेळी चांगल्या शाळांच्या नावाखाली उपनगरात घर बघतायत. ज्यांना वाटेल त्यांनी जावं, पण जायच्या आधी निदान शाळांच्या बजेट हिअरिंगला, म्हणजे बजेटवरच्या जाहीर सुनावणीला, येऊन सांगून जावं की हे वर्ग आमच्या मुलांना उपयोगी पडले, ते कापू नका. हिअरिंग वसंतात असते, सगळ्यांसाठी खुली, नाव नोंदवलं की तीनेक मिनिटं बोलायला मिळतात. बोलायचं नसेल तर नुसतं येऊन बसलात तरी चालेल, मी ग्रुपवर तारीख टाकते.