कोरा पेपर आणि काजूबी

मालवण तालुक्यातल्या त्या शाळेत बाईंची तक्रार जरा वेगळी होती. वाचनासाठी ताऱ्यांचा तक्ता लावल्यापासून (पुस्तक वाचलं की तारा, ताऱ्यांवर कंपासपेटी) पोरं पुस्तकं धडाधड संपवत होती, पण वाचत नव्हती. मी नोंदवही उघडली. तक्ता लागण्याआधी जाडजूड गोष्टींची पुस्तकं घरी जात होती. नंतर सातवीची मुलं सोळापानी चित्रपुस्तकांवर तुटून पडली होती. तारा पुस्तकामागे मिळायचा, पानांमागे नाही. पोरांचा हिशोब चोख होता.

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिला गट स्केचपेनांशी इतरांच्या साधारण निम्माच वेळ रमला. न सांगता मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणून ठरलं ते असं: कबूल केलेल्या कंपासपेट्या देऊन टाकायच्या, नवा तक्ता लावायचा नाही. पाढ्यांसारख्या, मुळातच कुणाला गोडी नसलेल्या कामाला बक्षीस लावलं तर हा तोटा होत नाही. आवडच नसेल तर मरणार काय?

खरी गाठ पडली दुपारी. गुणोत्तराच्या चाचणीत एका मुलाने पेपर कोरा दिला होता. विचारलं तर म्हणाला, "माका गणित जमणा नाय." अपयशाचं कारण त्याने न बदलणाऱ्या गोष्टीवर टाकलं होतं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनरच्या मांडणीत हेच सर्वांत घातक, कारण मग प्रयत्नाला अर्थच उरत नाही.

पुस्तकातलं दूध-पाण्याचं उदाहरण बाजूला ठेवलं. त्याच्या घरी काजूबी फोडतात. चार किलो बीतून साधारण किलोभर गर निघतो, हे त्यानेच सांगितलं. पन्नास किलोच्या पोत्यातून? पापणी न हलवता, "साडेबारा." मग वहीत मांडायला लावलं. त्याने 4 : 1 च्या समोर क्ष : 50 लिहिलं आणि उत्तर आलं दोनशे. पन्नास किलो बीतून दोनशे किलो गर! वाचून स्वतःच हसला. कच्चा दुवा इथे होता: गणित येत होतं, पण कुठली राशी आधी लिहायची हे ठरलेलं नव्हतं. प्रत्येक संख्येखाली 'बी' किंवा 'गर' लिहायला सांगितलं आणि मांडणी सरळ झाली: 4 : 1 = 50 : क्ष.

बाई कौतुकाने "हुशार आहेस" म्हणणार होत्या; मी खुणेने थांबवलं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर कच खात होती. मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली. "राशींची नावं लिहिलीस म्हणून चूक सापडली," एवढं पुरे. पण सोप्या उदाहरणाला उगाच वाहवा केली तरी पोर ओळखतं की आपल्याकडून यांना फार अपेक्षा नाही.

पुढच्या आठवड्यासाठी बाईंनी रोज तीन उदाहरणं काढली: पहिलं हमखास येणारं, दुसरं नावं लिहिल्याशिवाय न सुटणारं, तिसरं पुस्तकातलं दूध-पाणी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या म्हणण्यानुसार आत्मविश्वासाला सर्वांत जास्त बळ स्वतः मिळवलेल्या यशातून येतं, पण ते यश फुकटचं असून चालत नाही. म्हणून दुसऱ्या उदाहरणात मदत फक्त प्रश्न विचारून करायची, खडू हातात घ्यायचा नाही.

बाईंना तेच सर्वांत जड गेलं.